आबांच्या फोनमधला उंदीर

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण टेलिफोनची फक्त घंटा खाणारा उंदीर मी स्वतः पाहिला आहे. बोलायच्या तारेला तोंड लावत नाही, ऐकायच्या तारेकडे ढुंकून बघत नाही. बरोबर घंटेची तार हुडकतो, कुरतडतो आणि मिश्या पुसत निघून जातो.

असं मी गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, एका कुलपांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत उभा राहून तीन माणसांना सांगायला सुरुवात केली. पलंगावर उशीला टेकून आबा बसले होते. वय चौऱ्याऐंशी, दुकान त्यांनीच काढलेलं. त्यांच्या पायथ्याशी मुलगा उभा होता, तो आता दुकानाचा मालक. दाराशी सूनबाई, किल्ल्या कापायचं यंत्र नुकतंच बंद करून वर आलेली, बोटांना पितळेचा कीस अजून चिकटलेला. आणि आबांच्या मांडीवर त्यांचा फोन. काळा, डायल फिरवायचा, खाऊनपिऊन सुखी असलेल्या मांजराइतका जड.

हा उंदीर कुठून आला ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. तसा तो आला माझ्याच शर्टाच्या खिशातून. पण खिशात कसा शिरला ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती त्या खोलीत सांगायची माझी छाती झाली नाही. इथे सांगतो.

गल्लीत मला तारमामा म्हणतात. चाळीस वर्षं टेलिफोन कंपनीत खांबांवर चढलो. त्यातली निम्मी वर्षं मी खांबावरच जेवलो असं मी लोकांना सांगतो. एकदा वादळात तार तुटली तेव्हा तिची दोन टोकं दोन हातांत धरून मी तासभर उभा होतो आणि माझ्या अंगातून एका मुलीचं लग्न ठरलं, हेही सांगतो. मुलाकडचा होकार डाव्या हाताने आत आला, उजव्याने बाहेर गेला. पोटाशी जरा गुदगुल्या झाल्या एवढंच. माझी बायको माझ्या प्रत्येक गोष्टीला दहाने भागते आणि उरेल ते खरं धरते. संसार तेवढ्यावर चांगला चालला आहे.

निवृत्त झालो आणि दोन वर्षांत कंपनीची पत्रं आली. गल्लीतल्या तांब्याच्या तारा बंद होणार, यापुढे फोन इंटरनेटवरून. दुकानदार धास्तावले. शिंपी, छापखानावाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांचे फोन जुने, नंबर जुने, आणि हात त्या फोनांच्या सवयीचे. नवे फोन कोणालाच नको होते. मग मी माळ्यावरून माझी पिशवी काढली.

काम सोपं आहे. लहान वहीएवढी एक डबी असते. तिच्या एका अंगाला इंटरनेटची वायर जाते, दुसऱ्या अंगाला तुमचा जुना फोन. डबी मधे बसून आजोबांचं बोलणं नातवाला समजावते आणि नातवाचं आजोबांना. मी एकेका दुकानात जायचो, डबी लावायचो आणि म्हणायचो, "अर्ध्या तासात, जसं होतं तसं." हे माझं वाक्य गल्लीभर झालं. छापखानावाल्याने तर मला न विचारता माझी चिठ्ठी छापली आणि त्यावर तेवढंच लिहिलं.

माझ्या हाताची आणखी एक खूण आहे. उघड्या तारेवर टेप गुंडाळली की टेपचं शेवटचं टोक मी नखभर दुमडून ठेवतो. पुढचा मेकॅनिक येईल त्याला ती सोडवताना नखं मोडायला नकोत. असं करणारा माणूस दुसरा नाही, हे मी इतक्या वेळा इतक्या लोकांना ऐकवलं आहे की मी तोंड उघडलं की शिंपी आधीच म्हणतो, हो मामा, टोक दुमडायचं.

तर कुलपांचं दुकान. खाली गल्ला, मागे कामाची खोली, वर आबांची खोली, आणि तिन्हीकडे एकेक फोन, सगळे एकाच लाइनवर. फोन आला की तिन्ही घंटा एकदम वाजायच्या. आबांचे पाय गेल्या तीन वर्षांत जवळजवळ गेलेच. जिना उतरणं बंद. खोली मागच्या बाजूची, खालच्या दुकानात आणि तिच्यात दोन जाड दारं, दोन्हींना आबांनीच बसवलेली कुलपं. खालचं काही म्हणजे काही वर ऐकू येत नाही. ऐकू यायची ती घंटा.

त्या घंटेवर म्हाताऱ्याने आपलं एक काम उभं केलं होतं. पलंगाशेजारी पत्र्याचे दोन डबे. एकात कापताना चुकलेल्या किल्ल्या, दुसरा रिकामा. घंटा वाजली की आबा म्हणायचे, "राहिलं कोणीतरी बाहेर," आणि एक किल्ली पहिल्या डब्यातून दुसऱ्यात टाकायचे. दुकान बंद करून मुलगा वर आला की हिशोब जाहीर व्हायचा: आज अकरा दारं. आज सोळा. एका दिवशी सव्वीस झाली तेव्हा आबांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, जणू ती सगळी त्यांनीच उघडली होती. ते दुकानात नव्हते, पण दुकान त्यांच्यात होतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

डबी लावली आणि खिशातल्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर फिरवला. गल्ल्यावरचा फोन वाजला, पण कसा, तर झोपेत कोणी घसा खाकरावा तसा. मागचा तर नुसताच कुजबुजला. मला कारण लगेच कळलं. या जुन्या फोनांच्या घंटा म्हणजे आत खऱ्या पितळी वाट्या आणि त्यांच्यामधे हातोडी. तिला हलवायला जोर लागतो. पूर्वी कंपनीकडून तारेतून तो जोर यायचा, तीन काय, पाच घंटा वाजवील असा. ही डबी बिचारी छोटी. एक घंटा खणखणीत वाजवते, दोन चालवून नेते, तिसरी आली की तिचा दम संपतो.

उपाय होता. डबीच्या पाठीला दुसरं भोक असतं. त्यातून वेगळी वायर काढून आबांच्या खोलीपर्यंत न्यायची, म्हणजे त्यांच्या घंटेला तिचा स्वतंत्र जोर. पण त्यासाठी दोन दारांच्या चौकटी, एक जिना आणि छताची कड, म्हणजे दोन तास. मी सांगितला होता अर्धा. दातांचा डॉक्टर वाट पाहत होता. आणि मालक माझ्यामागे हाताची घडी घालून उभा. तो बिचारा साधेपणाने म्हणाला, "मामा, जमत नाहीये का?"

हे वाक्य मला चाळीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं. म्हणजे बोललं असेल, पण मी ते ऐकल्याचं कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, जमत नाही म्हणजे काय, वरचा फोन जरा बघून येतो.

वर आबा झोपले होते. दुपारची झोप, तोंड किंचित उघडं, किल्ल्यांचा डबा पोटावर आणि त्यावर हात, पोर खेळण्यावर ठेवतं तसा. मी फोन उचलून खिडकीत नेला. खालचे स्क्रू सोडले. घंटेकडे जाणारी एक तार तिच्या स्क्रूतून मोकळी केली, टोकाला टेप गुंडाळली, झाकण लावलं. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत माझ्या हाताने टेपचं टोक दुमडलंसुद्धा. मला काही सांगावं लागलं नाही. फोन जागेवर ठेवला आणि चोरपावलांनी जिना उतरलो. जिना उतरताना पाय कसे टाकले ते मला अजून आठवतं. काम करून उतरणारा माणूस असा उतरत नाही.

खाली दोन्ही फोन खणखणा वाजले. मालक खूश. त्याने विचारलं, वरचा? मी म्हटलं, वरचाही लागला आहे. आणि बघा, हे खोटंही नव्हतं. वरचा रिसीव्हर उचलला की आवाज यायचा, नंबर फिरवला की लागायचा, बोलणं स्वच्छ. तो फक्त आपणहून तोंड उघडणार नव्हता. इतकं बेतून बोलायला माणसाला साठ वर्षं घालवावी लागतात.

परवा येऊन दुसरी वायर ओढू, असं मी त्याच दिवशी मनाशी म्हटलं होतं. अगदी मनापासून. याला तुम्ही दहाने भागा.

चाळीस दिवस गेले. याला भागू नका.

एकेचाळिसाव्या दिवशी मी छापखान्यात काही कामाला गेलो होतो, तिथून निघताना सूनबाईने गल्ल्यावरून हाक मारली. मालक कुठेतरी दार उघडायला गेला होता. ती किल्ली कापत होती आणि यंत्राच्या आवाजात बोलत होती, म्हणून मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

आबांचं काही खरं नाही, ती म्हणाली. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकदा विचारलं होतं, हल्ली फोन येत नाहीत का. हा घाईत होता, म्हणाला, भरपूर येतात आबा, श्वास घ्यायला फुरसत नाही. आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळचा आकडा बंद झाला. आम्हाला वाटलं, कंटाळले असतील त्या खेळाला. मग चष्म्याची नवी काच नको म्हणाले. पंखा बंद ठेवा म्हणाले. पाय सुजले, डॉक्टर बुचकळ्यात पडले, औषध तर बरोबर आहे म्हणाले.

तिने यंत्र थांबवलं.

"काल खोली झाडताना दुसरा डबा उचलला, मामा. किल्ल्यांचा रिकामा डबा. तो वाजला. आत तीस-पस्तीस अर्ध्या गोळ्या होत्या. हृदयाच्या. रोज अर्धी घेत होते आणि अर्धी साठवत होते, पाकीट दुप्पट दिवस पुरावं म्हणून. मी रागावले तर म्हणाले, बंद पडलेल्या दुकानाने म्हाताऱ्यावर किती उधळावं."

मी काउंटरच्या काचेखालच्या किल्ल्यांकडे बघत राहिलो.

"तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता," सूनबाई म्हणाली. "हे असं का डोक्यात घेतलं असेल हो त्यांनी?"

आणि तिच्या पाठीमागे फोन वाजला. खणखणीत. माझ्या हाताचं काम. ती वळून बोलायला लागली. कोणीतरी घरात चप्पल घालायला वाकलं आणि वाऱ्याने दार लागलं, अशी काहीतरी लांबण होती. तेवढा वेळ मला मिळाला. तेवढ्या वेळात वर जाता आलं असतं. दोन मिनिटांचं काम, तार परत स्क्रूखाली. मग खालच्या घंटा खाकरल्या असत्या तर खाकरल्या असत्या, मी सांगितलं असतं का ते. जिना माझ्यापासून चार पावलांवर होता.

तिने फोन ठेवला. मी म्हणालो, "वय झालं, सूनबाई. या वयात डोकं असं करतं."

तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला तिने. माझ्या आयुष्यात खांबावरच्या जेवणांवर कोणी विश्वास ठेवला नाही, अंगातून ठरलेल्या लग्नावर ठेवला नाही, आणि या एका वाक्यावर त्या बाईने शंकासुद्धा काढली नाही. मी घरी गेलो. जेवताना घास फिरत राहिला. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तिने त्याला भागलं नाही, नुसतं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. आबा होते. आवाज बारीक, पण स्वच्छ.

"तारोबा, माझी घंटा वाजत नाही. सवडीने ये."

एवढंच. रागाचा सूर नाही, तक्रारीचा नाही. मी म्हटलं, आलोच. आणि खरोखर उठलो, पण पायात चपला घालायच्या आधी अडगळीत गेलो. तिथे जुन्या तारेचा बोटभर तुकडा शोधला. पकडीने त्याचं टोक चेचून पाहिलं. ते पकडीने चेचल्यासारखंच दिसलं. कानशीने घासलं, घासल्यासारखं दिसलं. शेवटी माझे जे चार-पाच स्वतःचे दात अजून शिल्लक आहेत त्यांच्यात तो तुकडा धरला आणि खिडकीत बसून कुरतडला. तोंडाला तांब्याची चव आली. साठी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं नोकरी केलेला, खिडकीत बसून तार कुरतडतो आहे. बायको दारात येऊन उभी राहिली. काय करताय, म्हणाली. मी म्हटलं, कामाची तयारी.

बेत असा होता. फोन उघडायचा, बोलता बोलता आतल्या तारेचं टोक कापून मुठीत लपवायचं, कुरतडलेला तुकडा बाहेर काढायचा. सगळ्यांनी उंदराला शिव्या द्यायच्या. मग मी दोन तास बसून नवी वायर ओढून द्यायची, फुकट, आणि आबांचे डबे पुन्हा चालू. कोणाचं काही बिघडत नाही. माझंही नाही.

म्हणून तो मंगळवार आणि म्हणून तो उंदीर.

उंदीर मी चांगला रंगवला, हे मला कबूल केलं पाहिजे. तो छापखान्यातून आला, शाई खाऊन कंटाळलेला. आवाजाचा त्याला भारी तिटकारा, कारण बालपण यंत्रांशेजारी गेलेलं. शिंप्याकडे एक घंटा खाल्ली, दातांच्या डॉक्टरकडे दुसरी, तिथे दात साफ करून घेतले आणि मग इकडे आला. मालक हसला. सूनबाईच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच सैल झाला. उंदीर असला तर डोकं गेलेलं नाही, एवढं तिला पुरेसं होतं. मला चेव चढला. मी म्हटलं, आबा दुपारी झोपले असताना तो खिडकीतून आला असणार, फोन उजेडात ओढला असणार.

असं म्हणता म्हणता मी फोन हातात घेतला आणि स्क्रू सोडायला लागलो. चारही स्क्रू हलक्या हाताने फिरले. मी त्या दिवशी ते चांगले आवळले होते. पण तोंड उंदराबरोबर पुढे धावतच होतं, आणि झाकण उघडून आत नीट बघायच्या आधी मी खिशातला तुकडा बोटांत धरून वरही केला होता.

आबांनी हात पुढे केला. मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. दुसरं काय करणार.

त्यांनी तो भिंगाखाली धरला. कुलपांत साठ वर्षं डोळा घातलेला माणूस, घाई नाही. मग ते मुलाला हळूहळू सांगायला लागले. काल संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना यापुढे येऊ नका म्हणून सांगायला फोन उचलला. कानाला लावला तर आत सूनबाई कोणाला तरी सांगत होती, तीन कुलपं उद्या सकाळपर्यंत देते, आज हात रिकामा नाही. घंटा तर वाजली नव्हती. आबा म्हणाले, मी तसाच ऐकत राहिलो. तो फोन संपला, लगेच दुसरा आला, तोही ऐकला. तिसराही. मग नखं घासायच्या कानशीने हा उघडला. आणि आज सकाळी अख्खी गोळी घेतली, विचारून बघ हिला.

मालकाचा चेहरा मी पाहिला नाही. मी फोनच्या पोटात बघत होतो. घंटेची तार मोकळी पडलेली, टोक उघडं, स्वच्छ, आणि त्यावर टेप नव्हती. म्हणजे आज सकाळी फोन करून मला बोलावलं तेव्हा यांना सगळं ठाऊक होतं. मी काय सांगतो ते ऐकायला बोलावलं होतं. मला खरं बोलायला जागा ठेवली होती, जिन्यापासून पलंगापर्यंतची, आणि तेवढी सगळी जागा मी उंदराने भरली होती.

आबांनी शेजारचा पहिला डबा उचलला, किल्ल्या बाजूला सारल्या आणि तळातून काहीतरी काढून कुरतडलेल्या तुकड्याच्या शेजारी ठेवलं. काळ्या टेपची गुंडाळी, तारेवरून जशीच्या तशी सरकवून काढलेली. टोक नखभर दुमडलेलं.

सूनबाई दोन पावलं पुढे आली, ते बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. वय झालं, असं मी हिलाच सांगितलं होतं.

"दात ठीक आहेत," आबा म्हणाले. "पण तारोबा, टेपचं टोक दुमडून ठेवणारा उंदीर मी चौऱ्याऐंशी वर्षांत पाहिला नाही."